वेबसाइट जुनी झाली, हे ठरवायचं कुणी?

धंद्याच्या वेबसाइटबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. दुकानदार, कारखानदार, बागायतदार, प्रकाशक अशी सगळी मंडळी त्यात आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी असली, तरी मूळ शंका एकच आहे : आहे ती वेबसाइट नव्यानं करायची वेळ आली, हे ओळखायचं कसं? त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. वेबसाइट २०१३ साली केली होती. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ही कुणाला दाखवायची लाज वाटते.’ दोन कंपन्यांकडून कोटेशनं मागवली. दोघांचंही म्हणणं, सगळं नव्यानंच करावं लागेल. खरंच तशी गरज आहे का?

उत्तर : नुसत्या वयावरून ठरवू नका. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातली बर्कशायर हॅथवे ही जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक. वॉरन बफे यांच्यामुळे तिचं नाव आपल्याकडेही घराघरांत पोचलं आहे. तिच्या वेबसाइटचं पहिलं पान उघडून पाहा. ना मोठे फोटो, ना हलती चित्रं. साध्या अक्षरांतले दुवे फक्त. वार्षिक अहवाल, भागधारकांना लिहिलेली पत्रं, वार्षिक सभेची माहिती. नव्वदच्या दशकातलं वाटावं असं हे पान आहे. पण तिथे येणाऱ्या माणसाला याच गोष्टी हव्या असतात आणि एका क्लिकमध्ये त्या मिळतात. त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

आता तुमच्याकडे वळू. तुम्ही ती वेबसाइट दहा-बारा वर्षं पाहताय, म्हणून तुम्हाला तिचा कंटाळा आला आहे. मुलाला ती मित्रांच्या वेबसाइटशेजारी खुजी वाटते. कोटेशन देणाऱ्याचं पोट नव्या कामावर आहे. यांतल्या कुणाचंच काही चुकत नाही, पण यांतला कुणीही तुमचं गिऱ्हाईक नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे इचलकरंजीतल्या एखाद्या कापड-प्रोसेसिंग कारखान्यात खरेदी बघणारा माणूस. पंप बंद पडलाय आणि वरून साहेबांचे फोन सुरू आहेत. त्याला चार गोष्टी हव्या आहेत : त्याच्या मॉडेलचा इम्पेलर तुम्ही बनवता का, त्याचं माप कुठे दिलंय, माल किती दिवसांत मिळेल आणि फोन कुणाला करायचा.

तेव्हा एक चाचणी करा. धंद्याशी संबंध नसलेला माणूस शोधा. शेजारी चालेल, व्याही चालतील, कारखान्यातला चालणार नाही. त्याच्या मोबाइलचं वायफाय बंद करा आणि त्याला एक नेमकं काम सांगा : ‘अमुक मॉडेलचा इम्पेलर इथे मिळतो का बघा आणि भाव विचारायचा असेल तर काय कराल ते दाखवा.’ त्यानंतर तोंड बंद ठेवा. ‘अहो, तिथे वर बघा ना’ असं एकदा जरी म्हणालात, तर ती चाचणी फुकट गेली. तो कुठे थांबतो, कुठे मागे फिरतो, कुठे कपाळाला आठ्या पडतात, हे लिहून ठेवा. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की अशा चाचणीला पाच माणसं पुरतात. बहुतेक दोष तेवढ्यांत बाहेर येतात आणि पुढची माणसं तीच ती रडगाणी ऐकवतात.

पाचही जण एकदोन ठिकाणीच अडले, तर तेवढं दुरुस्त करा. प्रत्येक पायरीवर अडले किंवा जिथे अडले ती गोष्ट आहे त्या वेबसाइटमध्ये दुरुस्तच होत नाही असं निघालं, तर नव्या कामाला हात घाला. तेव्हा कोटेशन मागताना ही यादी पुढे ठेवता येईल. ‘आधुनिक दिसली पाहिजे’ एवढंच सांगितलंत, तर पैसे जातील आणि पंपवाल्याचा फोन तरीही येणार नाही.

प्रश्न : म्हणजे दिसण्याला काहीच किंमत नाही का? गिऱ्हाईक आधी दुकानाची पाटीच बघतं ना?

उत्तर : किंमत आहे, आणि भरपूर आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बी. जे. फॉग यांच्या गटानं २००२ साली २,६८४ लोकांना वेबसाइट दाखवून विचारलं, की यांतल्या कोणत्या वेबसाइटवर तुमचा विश्वास बसतो आणि का? लोकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी ४६ टक्क्यांहून अधिक शेरे रूपाबद्दल होते : मांडणी, अक्षरं, रंग. पुढे २००६ साली कॅनडातल्या गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादं पान आवडलं की नावडलं, हे माणसाचं मन सेकंदाच्या विसाव्या भागातसुद्धा ठरवून टाकतं.

पण विश्वास फक्त रंग जुना झाल्यानं उडत नाही. तो कशानं उडतो ते पाहा. खाली अजून व्हॅटचा टीआयएन नंबर आहे, १ जुलै २०१७ला जीएसटी येऊन इतकी वर्षं झाली तरी. पहिल्या पानावर चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीची सूट झळकते आहे. पत्त्यात उस्मानाबाद आहे आणि कुरियरच्या पावतीवर धाराशिव. लँडलाइनचा नंबर आहे, पण फोन कधीच कापला गेलाय. ‘आमची टीम’ म्हणून जे फोटो आहेत, त्यांत सगळे गोरे परदेशी हसताहेत. ही यादी दुरुस्त करायला कुणी कारागीर लागत नाही. एक दुपार लागते.

वेबसाइटवरून थेट माल विकत असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव ग्राहकाला सहज दिसेल असं द्यायचं असतं. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा नियम आहे. ही माहिती नसलेली वेबसाइट कितीही देखणी असली, तरी अपुरी आहे.

प्रश्न : डागडुजीनं भागणारच नाही, नव्यानंच करावी लागेल, अशी पक्की लक्षणं कोणती?

उत्तर : माझ्या मते चार.

पहिलं लक्षण : फोनवर वाचता येत नाही. दोन बोटांनी मोठं करून, डावीकडे-उजवीकडे सरकवून वाचावं लागत असेल, तर वेबसाइट मोठ्या पडद्यासाठीच बनवलेली आहे. पडद्याच्या आकाराप्रमाणे पान आपोआप जुळवून घेईल, अशा रचनेची कल्पना इथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये मांडली. आपल्याकडच्या अनेक छोट्या धंद्यांच्या वेबसाइट त्याच सुमारास, पण जुन्याच पद्धतीनं झाल्या. मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्यानं घरी कधी संगणक घेतला नाही तोही थेट फोनवर माल शोधू लागला. गूगलनं त्याआधीच, २१ एप्रिल २०१५पासून, फोनवरच्या शोधात फोनला अनुकूल पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली होती. पुढे वेबसाइटचं मूल्यमापन तिच्या फोनवरच्या रूपावरूनच करायचं, असं गूगलनं ठरवलं. २०१६ साली जाहीर झालेला तो बदल ऑक्टोबर २०२३मध्ये पूर्ण झाल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे फोनवर जे दिसत नाही, ते गूगलच्या लेखीही नाही.

दुसरं लक्षण : पायाखालचं तंत्रज्ञान मेलेलं आहे. पूर्वी वेबसाइट उघडली, की आधी एक हलतं चित्र यायचं, संगीत वाजायचं आणि कोपऱ्यात ‘पुढे जा’ असं लिहिलेलं असायचं. ते फ्लॅशमध्ये असायचं. अॅडोबीनं फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२०ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद केलं. तशी वेबसाइट आज म्हणजे कोरी चौकट. कमी दिसणारा, पण जास्त धोक्याचा प्रकार पीएचपीचा. खूप वेबसाइट या भाषेवर चालतात. तिच्या ५.६ आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८च्या अखेरीस थांबलं, ७.४ला नोव्हेंबर २०२२मध्ये. त्यावर चालणारी वेबसाइट दिसायला ठणठणीत असते, पण नव्यानं सापडलेली भोकं बुजवायला मागे कुणी नसतं. होस्टिंगवाल्याला, म्हणजे वेबसाइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवलेली आहे त्याला, एकच विचारा : ‘आमची वेबसाइट पीएचपीच्या कोणत्या आवृत्तीवर आहे आणि नव्या आवृत्तीवर नेली तर मोडेल का?’ मोडेल असं उत्तर आलं, तर नव्या कामाची वेळ आली.

तिसरं लक्षण : भाव बदलायचा किंवा एखादं ओळभर निवेदन टाकायचं, तरी ‘वेबसाइटवाल्या पोराला’ फोन करावा लागतो, आणि तो पोरगा आता बंगळुरूला नोकरी करतो. अशी वेबसाइट हळूहळू खोटं बोलायला लागते, कारण ती दुरुस्त करण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

चौथं लक्षण सर्वांत महत्त्वाचं : धंदा बदललाय. पूर्वी किरकोळ विक्री होती, आता सगळा घाऊक माल जातो. पूर्वी फक्त खानावळ होती, आता केटरिंगवर घर चालतं. वेबसाइट मात्र जुन्याच धंद्याची जाहिरात करते आहे, आणि नको त्या चौकशांचे फोन घेता घेता तुमचा दिवस जातो. इथे रंगरंगोटी उपयोगाची नाही. काय सांगायचं आणि कुणाला सांगायचं, तेच पुन्हा ठरवावं लागतं.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ‘सुरक्षित नाही’ असा शेरा येतो, म्हणूनही काही जणांना नवी वेबसाइट घ्यायला लावलं जातं. त्याची गरज नसते. क्रोमनं जुलै २०१८पासून एचटीटीपीएस ही सुरक्षित जोडणी नसलेल्या सगळ्या वेबसाइटना असा शेरा द्यायला सुरुवात केली. त्या जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्यांकडे ते काही मिनिटांत बसवून मिळतं.

प्रश्न : आमची नाशिकची छोटी प्रकाशन संस्था आहे. वेबसाइटवर शंभरावर पुस्तकांची मराठीत माहिती आहे. पण लेखकाचं नाव मराठीत टाकून गूगलवर शोधलं, तर आमचं पान येतच नाही. नवी वेबसाइट केली तर येईल का?

उत्तर : वेबसाइटआधी अक्षरं तपासा. तुमच्या पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसलं, तर दोष दुसरीकडे आहे. रोमन अक्षरं, कंस, आकडे आणि चिन्हं यांचा चिवडा दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नाही. आणि मजकूर निवडताच आला नाही, तर ती अक्षरं नसून चित्रं आहेत.

संगणकावर मराठी आलं, तेव्हा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांनी छपाईचं मोठं काम केलं. डीटीपीची दुकानं त्यांच्यावर चालली. पण त्या पद्धतीत पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्हच असतं. कागदावर त्यानं काही बिघडत नाही. गूगल मात्र कागद वाचत नाही, ते आतला सांकेतिक क्रमांक वाचतं. त्यामुळे लेखकाचं नाव तुमच्या पानावर ठसठशीत असूनही गूगलला ते कुठेच दिसत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी वेबसाइटवर ती रुळायला बराच काळ गेला, आणि मधल्या काळात बनलेल्या कितीतरी मराठी वेबसाइट अजून जुन्या अक्षरांतच अडकल्या आहेत.

यावरचा उपाय म्हणजे मजकुराचं रूपांतर. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर नोंदवली जाते. तिथे गफलत होते. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला ऱ्य बिनसतो. मधे आलेले इंग्रजी शब्द आणि आयएसबीएनसारखे आकडे यांचा तर चुराडा होतो. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधकाकडून एक वाचन करून घ्याच. तुमच्याकडे ते माणूसबळ आहे, इतर धंद्यांकडे नसतं. अक्षरवळणासाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मोफत फाँट वापरता येतात.

पुस्तकांची माहिती मुखपृष्ठाच्या चित्रातच असेल, तर ती बाहेर काढून लिहा : लेखक, पानं, किंमत, आवृत्ती, थोडक्यात विषय. हे सगळं आहे त्या वेबसाइटमध्ये होत असेल, तर नवी करू नका. तेवढ्या पैशांत एक पुस्तक छापून होईल.

प्रश्न : येवल्याला आमचं पैठणीचं दुकान आहे. वेबसाइट सुंदर आहे, पण उघडायला फार वेळ लागतो. गिऱ्हाइकं तोवर कंटाळतात. बदलावी का?

उत्तर : आधी मोजा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. त्यात पत्ता टाकला की निकाल मिळतो. तीन आकडे बघायचे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल व्हावी. आणि वाचता वाचता मजकूर इकडेतिकडे उड्या मारतो त्याचं माप ०.१ किंवा त्याहून कमी असावं. या मर्यादा शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत तरी पाळल्या जाव्यात, अशी गूगलची अपेक्षा आहे.

पैठणीवाल्यांच्या बाबतीत दोष बहुतेक फोटोंत निघतो. पदरावरचा मोर आणि काठातली जर नीट दिसावी म्हणून फोटोग्राफरनं दिलेले फोटो जसेच्या तसे चढवलेले असतात, एकेक पाचसात एमबीचा. एका पानावर असे वीस फोटो म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनवर शंभर एमबीचा भार. फोटो पडद्याच्या मापाला आणून वेबपी प्रकारात ठेवले, तर आकार बराच खाली येतो. मोठा फोटो ज्याला बारीक बघायचाय त्याच्यासाठीच, दाबल्यावर उघडेल असा ठेवा. कौलं गळतात म्हणून कुणी घर पाडत नाही.

संथपणाचा दुसरा प्रकार वेगळा : एरवी पान झटकन उघडतं, पण गर्दी झाली की कोसळतं. तत्काळचं तिकीट काढताना हा अनुभव कुणी घेतला नाही? आयआरसीटीसीनं २०१४ साली नवी ई-तिकिटिंग व्यवस्था आणली, तेव्हा मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता ७,२०० तिकिटांवर नेली. तिथला मूळ आजार क्षमतेचा होता. तुमचं दुकान लग्नसराईतच अडत असेल, तर होस्टिंग मोठं करून बघा, आणि मगच रूपाचा विचार करा.

प्रश्न : देवगडहून आम्ही थेट घरपोच हापूस पाठवतो. वेबसाइटवर हजारो लोक येतात, पेटी निवडतातही, पण पैसे भरायच्या आधी निघून जातात. डिझाइन चुकलंय का?

उत्तर : चुकलं असेल, तर बहुधा एकाच ठिकाणी. याबाबत अमेरिकेतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. जॅरेड स्पूल या सल्लागारानं २००९ साली ती लिहिली. एका मोठ्या विक्रेत्याच्या वेबसाइटवर माल निवडून झाला, की एक छोटा फॉर्म यायचा : ई-मेल, पासवर्ड आणि दोन बटणं, एक ‘लॉग इन’चं, एक ‘नोंदणी करा’चं. बनवणाऱ्यांना वाटलं, पुढच्या वेळी गिऱ्हाइकाची सोय होईल. चाचणीत निराळंच दिसलं. नवी माणसं नोंदणीच्या नावानंच वैतागली. ‘मी नातं जोडायला आले नाही, मला फक्त वस्तू घ्यायची आहे’ असा त्यांचा सूर होता. जुन्या गिऱ्हाइकांना आपण कोणता ई-मेल दिला होता तेच आठवेना. दिवसाला १,६०,००० लोक विसरलेला पासवर्ड मागवत आणि त्यांतले तीनचतुर्थांश पुन्हा खरेदीकडे वळतच नसत.

मग ‘नोंदणी करा’च्या जागी ‘पुढे चला’ असं बटण आलं आणि खाली एक ओळ, की खरेदीसाठी खातं उघडण्याची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनी वाढली. बाकीची वेबसाइट होती तशीच होती.

तुमच्याकडे कुठे अडतंय ते असंच शोधा. भाव बघण्याआधीच ओटीपी मागता का? पिनकोड टाकल्यावरच कळतं का, की नागपूरला माल जात नाही? घरपोच खर्च शेवटच्या पानावर अचानक वाढतो का? पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं, पिकलेलं की अढीतलं, खराब निघालं तर काय, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट लिहिलंय का? कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही अधिकृत वापरकर्ते असाल तर तो क्रमांक तिथे आहे का? कर्नाटकातला आंबा देवगडचा म्हणून घेऊन पस्तावलेला पुण्या-मुंबईचा माणूस हेच शोधत असतो. यूपीआयनं पैसे भरायची सोय नसेल, तर ती आजच करा.

प्रश्न : दिवेआगरला आमचं घरगुती निवास आहे. दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट नवी केली. दिसते छान, पण तेव्हापासून गूगलवरून येणाऱ्या चौकशा आटल्या. असं का व्हावं?

उत्तर : पानांचे पत्ते बदलले असणार. ‘खोल्या’, ‘जेवण’, ‘कसे याल’ या जुन्या पानांची गूगलकडे वर्षानुवर्षांची ओळख होती. नव्या वेबसाइटवर तीच पानं वेगळ्या पत्त्यांवर गेली आणि जुन्या पत्त्यांवर ‘पान सापडत नाही’ असा संदेश उरला. उपाय आहे : प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचं वळण लावायचं. तांत्रिक भाषेत याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. सगळे पत्ते पहिल्या पानावरच वळवले, तर फारसा उपयोग होत नाही. ही वळणं निदान वर्षभर ठेवावीत, असं गूगल सांगतं. जुने पत्ते आठवत नसतील, तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये किंवा इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते बरेचसे सापडतील. नव्या वेबसाइटवरून गाळलेला जुना मजकूरही वेबॅक मशीनमध्ये मिळू शकतो.

मोठ्यांचंही असं होतं. ब्रिटनमधल्या मार्क्स अँड स्पेन्सरनं फेब्रुवारी २०१४मध्ये १५ कोटी पौंड खर्चून नवी वेबसाइट आणली. जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली, सवयीच्या जागा बदलल्या, आणि जूनअखेर संपलेल्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येक सीएला पाठ आहे. प्राप्तिकर खात्याचं नवं पोर्टल ७ जून २०२१ला सुरू झालं, विवरणपत्रांच्या हंगामाच्या ऐन तोंडावर. तक्रारींचा एवढा पाऊस पडला, की ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना अर्थमंत्र्यांनी बोलावून घेतलं, आणि पुढे विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

तुमचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचा. तेव्हा वेबसाइटला हात लावायचा तो भर पावसाळ्यात, जुलैमध्ये. जुनीची पूर्ण प्रत जपून ठेवा आणि शक्य असेल तर एकेक पान बदलत जा. सगळं एका रात्रीत बदललं, तर नेमकं कशामुळे बिघडलं ते शोधता येत नाही.

प्रश्न : नवी वेबसाइट करायला देण्याआधी कोणती एक गोष्ट तपासावी?

उत्तर : डोमेन कुणाच्या नावावर आहे ते. म्हणजे ज्या खात्यात तुमच्या वेबसाइटचं नाव नोंदवलेलं आहे, त्या खात्याचा ई-मेल, मोबाइल नंबर आणि पासवर्ड तुमच्या हातात आहे का? अनेक धंद्यांचं डोमेन पहिल्या वेबसाइटवाल्याच्या खात्यात असतं. त्याच्याशी बिनसलं किंवा तो गावच सोडून गेला, की नूतनीकरण चुकतं आणि वर्षानुवर्षं गाडीवर, बिलावर, पाटीवर रंगवलेला पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. होस्टिंगचं खातं, सर्च कन्सोल आणि गूगल मॅप्सवरची दुकानाची नोंद यांचंही तसंच. हे सगळं आधी आपल्या नावावर करून घ्या. त्यानंतरच नव्या वेबसाइटचं बोलणं सुरू करा.

प्रश्न : माझा सगळा धंदा इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. वेबसाइट पडून आहे. नवी करू की बंद करू?

उत्तर : दोन्ही नको. एकच पान ठेवा : तुम्ही काय विकता, कुठे आहात, वेळ काय, भावाचा अंदाज, फोन आणि व्हॉट्सअॅपचं बटण. इन्स्टाग्रामचं खातं उद्या बंद पडलं, तर तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला नाव टाकून शोधेल. तेव्हा सापडायला हे पान पुरेल. बाकीची पडीक पानं काढून टाका, कारण त्यांवरचे जुने भाव वाद घालायच्याच कामाला येतात.

शेवटी सर्वांसाठी एक सूचना. पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना ‘वेबसाइट जुनी वाटते’ एवढंच लिहू नका. धंद्याशी संबंध नसलेल्या पाच माणसांच्या हातात ती द्या, ती माणसं कुठे अडली ते लिहा आणि सोबत वेबसाइटचा पत्ता द्या. यादी पाहून दुरुस्ती की नवं काम, हे सांगता येईल. बहुतेकांना ती यादी करतानाच उत्तर मिळालेलं असेल.